पालघाटला कोण जाणार?

लोणंदहून विट्याकडं जाऊन आले आणि त्यावर लिहायला बसले, हे कळल्यावर शेजारच्या वहिनी हसल्या. "लोक युरोपचं लिहितात हो," म्हणाल्या. लिहू देत. युरोपात बसच्या खिडकीतून जेवढे देश दिसत असतील, त्याहून जास्त जिल्हे मी चैत्रातल्या जत्रेला माझ्या माहेरच्या माळावर पाहिले, आणि त्या सगळ्या जिल्ह्यांच्या हातात बाजरीची भाकरी होती.

माहेर माझं चिंचाळवाडी. विट्याच्या पलीकडं, खानापूर तालुक्याच्या कडेला. पाऊस ह्या गावाची ओळखच विसरला होता म्हणा ना. म्हणून आमच्या आज्यापणज्यांनी बाहेरची वाट धरली आणि एक अजब धंदा हाती घेतला, गलाईचा. लोकांचे जुने दागिने, सराफाच्या दुकानातली सोनं मिसळलेली झाडलोट, असलं सगळं मुशीत घालून वितळवायचं, तेजाबात शुद्ध करायचं आणि चोख सोन्याची लगड मालकाच्या हातावर ठेवायची. आज देशातल्या कुठल्याही मोठ्या गावात जा. सराफकट्ट्याच्या मागच्या गल्लीत तेजाबाचा वास आला, की त्या दारात उभं राहून नुसतं "राम राम" म्हणा. आतून "या की, बसा" असंच उत्तर येईल. मला ह्या गोष्टीचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. लपवायला तो चोरीचा थोडाच आहे?

मी लोणंदच्या शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. त्यात ‘लोकसंख्येचं वितरण’ नावाचा धडा असायचा. सुपीक माती, बारमाही पाणी, सपाट जमीन, तिथं दाट वस्ती. मुलांकडून मी हे घोकून घ्यायची आणि मनात हसायची. कारण आमच्या गलाईवाल्यांचं वितरण माती-पाण्यावर ठरत नाही, मामा-मेहुण्यावर ठरतं. एकजण जातो, तो मेहुण्याला नेतो, मेहुणा भाच्याला नेतो, भाचा शेजाऱ्याला. त्यामुळं एक गाव सगळंच्या सगळं सेलमला, त्याच्या शेजारचं सगळं अमृतसरला, आणि दोन्ही गावांच्या मधे फक्त एक ओढा. आमची चिंचाळवाडी केरळात पांगली. एकेका जिल्ह्यात एकेक भावकी.

सांगली

आमचे हे रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यामुळं गाडीत बसवून द्यायला आले ते जागा पुसून, खिडकी उघडून, पाण्याची बाटली नीट कोपऱ्यात ठेवूनच उतरले. गाडी हलता हलता विचारलं, "आमटीत मीठ आधी का नंतर?" माणसानं उभ्या आयुष्यात चहाशिवाय काही केलेलं नाही. मी सांगेपर्यंत गाडी पुढं गेली.

सांगलीला उतरले तर फलाटावर माझी भाची रोहिणी आधीच उभी. माझ्या धाकट्या भावाची, दत्ताची एकुलती एक लेक. केरळात पालघाटला जन्मली, तिथंच वाढली. अंगात साधा पंजाबी ड्रेस, पाठीवर सॅक, कानाला फोन आणि फोनवर मल्याळम असं, की उकळत्या पाण्यात साबुदाणा पडावा. फोन ठेवला, वाकून पाया पडली आणि म्हणाली, "आत्ती, लय वाळलासा वं! आमटीभात ग्वाड लागत न्हाई व्हय?"

इथं एक सांगून ठेवते. ह्या परमुलखात वाढलेल्या पोरांची मराठी आपल्यापेक्षा जुनी असते. आपली मराठी टीव्हीनं आणि शाळेनं घासून गुळगुळीत केली. त्यांची आजोबांनी नेली तशीच राहिली. रोहिणी बोलायला लागली की मला माझे वडील ऐकू येतात. परक्या मुलखात, सगळीकडं ‘ळ’ आणि ‘ण’चा पाऊस पडत असताना, ह्या पोरीनं ‘हाय’ आणि ‘न्हाई’ जपून ठेवलं. कौतुक नको का करायला?

जत्रेसाठी गूळ आणि हळद घ्यायची म्हणून बाजारात गेलो. सांगलीच्या हळदीच्या पेठेत शिरलं की माणूस नाकानं चालतो. पोत्यांच्या राशी, हमालांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या. व्यापाऱ्यानं हळकुंड मोडून आतला रंग दाखवला. रोहिणीनं ते उजेडात धरलं, वास घेतला आणि म्हणाली, "आमच्याकडं वायनाडची हळद येती. पर ही बरी. हिला मस्ती हाय." व्यापारी खूश झाला. दळून घेतलेली हळद त्यानं चांगली मोठी पिशवी भरून दिली.

मग कृष्णेच्या घाटावर बसून आम्ही भडंग खाल्लं. तिथं मी तिला शिक्षिकेसारखं विचारलं, "सांग बघू, केरळात आपली माणसं कुठं दाट, कुठं विरळ?"

"त्रिचूरला लय दाट," ती लगेच म्हणाली. "सोन्याच्या पेढ्या तितंच. कालिकतला, मलप्पुरमला बऱ्यापैकी. वायनाडला येकच घर. इडुक्कीला कुनीच न्हाई, निस्ता डोंगर आन् वेलदोडे. आन् पालघाटला आमी."

हे शेवटचं वाक्य म्हणताना तिचा आवाज खाली आला. मग तिनं भडंगाचा कागद चुरगाळला आणि खरी गोष्ट सांगितली.

दोन वर्षांपूर्वी दत्ताच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय गेला. आई त्याचं करते आणि भट्टी रोहिणी चालवते. गिऱ्हाइकांची तक्रार नाही. पण चिंचाळवाडीचा एक नेम आहे. भट्टी नव्या माणसाच्या हातात गेली, की त्यानं गावातलं एक तरी माणूस आपल्याबरोबर धंद्याला न्यायचं. जत्रेच्या दिवशी पालखी उठायच्या आधी एकेका जिल्ह्याचं नाव पुकारतात. नेणारा आणि नेलेला, दोघांनी पुढं यायचं, सगळ्या गावासमोर सांगायचं आणि पालखीला खांदा द्यायचा. मग ती जागा त्या घराची. कुणी आलंच नाही, तर जागा मोकळी. गावातल्या दुसऱ्या कुणीही तिथं जाऊन भट्टी पेटवावी.

हा नेम कुणी कागदावर लिहिलेला नाही, पण मोडायची छाती कुणाची नाही. आणि त्यात शहाणपण आहे. एकतर जो वर चढला त्यानं मागच्याला हात द्यावा. दुसरं म्हणजे, सोनं परक्याचं असतं. आत मुशीवर वाकलेल्या माणसाला बाहेरच्या तराजूवर आपलं विश्वासाचं माणूस लागतंच.

"दोन जत्रा बाजीकाकानं आमच्या वतीनं निभावून न्हेलं," रोहिणी म्हणाली. "औंदा म्हनला, आता न्हाई. औंदा मानूस दाखीव, न्हाईतर पालघाट सोड."

बाजीराव म्हणजे आमचा चुलतभाऊ. त्याची स्वतःची भट्टी कन्नूरला आणि दोन पोरं. धाकट्याला जागा हवी आहे.

"मग कुणाला नेणार आहेस?" मी विचारलं.

"त्येच हुडकायला आलीय, आत्ती. तुमी संगं चला. तुमाला समदे वळखत्यात."

झालं. माझी जत्रा तिथंच सुरू झाली.

विट्याची गाडी

तासगावमार्गे विट्याला जाणारी एसटी खच्चून भरलेली. द्राक्षाच्या बागा मागं पडल्या, ऊस मागं पडला, जमीन तांबूस व्हायला लागली. मी रोहिणीला खिडकीतून हे सगळं दाखवत होते तेवढ्यात ड्रायव्हरनं म्हैस वाचवायला ब्रेक मारला आणि वरच्या फळीवरची आमची हळदीची पिशवी खाली आली. नुसती आली नाही, फुटून आली. पुढचे दोन बाक, एक नवरामुलगा वाटावा असा पांढऱ्या शर्टातला तरुण, एका आजीबाईंची कोंबडी आणि कंडक्टर, सगळे पिवळे. मला वाटलं आता खैर नाही. कंडक्टरनं डोळे पुसले, आमच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "आक्का, गाडीची जेजुरी केलीसा की!"

सगळी गाडी हसली. तो पांढऱ्या शर्टातला तरुण मात्र हसला नाही. तो खरोखरच मुलगी बघायला निघाला होता. रोहिणीनं त्याला समजावलं, "हळद लागून चाललायसा, शकुन समजा." त्यावर तोही हसला.

विट्यात माझी मावसबहीण इंदू राहते, दिलेली चिंचाळवाडीतच, घर अजून गावात आहे. तिचा मोठा मुलगा बारावी होऊन घरीच बसलेला. आम्ही पिवळ्याधमक अंगानं तिच्या दारात उभ्या राहिलो. इंदूनं पाणी दिलं, पिठलं-भाकरी आणि खर्डा वाढला. खर्डा असा, की रोहिणीच्या डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून "अय्यो" एकदमच बाहेर पडलं. जेवण झाल्यावर मी विषय काढला. इंदूचा चेहरा उजळला.

"न्हे की! आजच न्हे," ती म्हणाली. "पर कुंकू लावून न्हे. पोरगं तुजं, तू आमची. म्हंजी भट्टीबी घरातच."

मुलगा आतल्या खोलीत मोबाइल बघत होता. त्यानं मान वर करूनही पाहिलं नाही.

"इंदूआत्ती," रोहिणी शांतपणे म्हणाली, "मला तराजूवर बसाय गडी पायजे. नवरा न्हाई पायजे. पायजे झाला तर येगळा हुडकीन."

इंदू रुसली. पण निघताना डब्यात शेंगदाण्याची पोळी घालून द्यायला विसरली नाही. आमच्याकडं रुसवा वेगळा आणि डबा वेगळा.

माणच्या बाजूला

दुसऱ्या दिवशी भाड्याची जीप करून आम्ही सातारा जिल्ह्यात शिरलो, माण तालुक्याच्या अंगाला. मामा आमचे चिंचाळवाडीचेच, पण मामेभावानं घर इकडं बांधलेलं. मामेभाऊ फौजेतून सुभेदार होऊन आलेला. दारात बोगनवेल, ओसरीवर गणवेशातला फोटो, आणि चहा कपबशीत नाही, स्टीलच्या मगमध्ये.

वाटेतली गावं मी डोळे भरून पाहत होते. जत्रांचे दिवस, त्यामुळं सगळी पांगलेली माणसं घरी आलेली. काढणी झालेल्या वावरांत गाड्या लावलेल्या. एका गावात सगळ्या पाट्या टीएन ३०, म्हणजे सेलम. ओढा ओलांडला की पीबी, पंजाब. पुढच्या वळणावर एपी, आंध्र. एका वावरात केएल ०८ ची रांग लागलेली, तेव्हा रोहिणी खिडकीतून ओरडलीच, "त्रिचूर! आपली मानसं!" जीपचा ड्रायव्हर म्हणाला, "ह्या टायमाला हितनं गेलं की समदा भारत बघून हुतो, मॅडम. डिझेल बी कमी लागतंय." माझ्या वर्गाच्या भिंतीवर जो नकाशा होता, तो मी असा कुसळं उगवलेल्या वावरात उभा पाहिला. छाती फुगली माझी. दुष्काळानं हाकललेली माणसं ही, आणि परत आली ती आपापला जिल्हा मागं बांधून.

सुभेदारांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. त्यांचा मुलगा वीस-एकवीसचा, दारातच जोर काढत होता.

"देखो बेटा," ते रोहिणीला म्हणाले. फौजेनं त्यांना हिंदीची सवय लावलेली. "भट्टीला मी ना म्हणत न्हाई. इमानदारीचं काम हाय. पर ह्या घरातनं तिसरी पिढी वर्दीत जानार. भरती तोंडावर आलीय. बाद झाला तर मी सोता पालघाटला आनून सोडतो. जबान हाय."

"तसं नगा बोलू काका," रोहिणी म्हणाली. "बाद कशापायी हुईल? पास हुईल."

मला तिचा त्या क्षणी फार अभिमान वाटला. स्वतःची गरज असताना दुसऱ्याच्या पोरानं पास व्हावं असंच तिनं मनापासून म्हटलं. सुभेदारांनी आम्हाला फाटकापर्यंत येऊन सलाम केला.

चिंचाळवाडी

माहेरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. माळावर बंगले उभे. ‘त्रिचूर सदन’, ‘कन्नूर कृपा’, ‘कालिकत’. वर्षभर कुलपं, जत्रेला दिवाळी. गॅलरीत मल्याळम कुजबुजणारी पोरं, अंगणात चुलाणावर पुरणाचं पातेलं. पाणीसुद्धा दोन प्रकारचं. एका माठात साधं, दुसऱ्या पातेल्यात केरळी पद्धतीनं औषधी लाकडाचे तुकडे घालून उकळलेलं, लालसर. आमच्या थोरल्या काकू ते लाल पाणी बघून दरवर्षी विचारतात, "ह्यो काय च्या हाय का रं?" आणि दरवर्षी पिऊन तोंड वाकडं करतात.

रोहिणीला गावचा वारा लागला आणि ती म्हणाली, "पालघाटात असलाच गरम वारा सुटतो, आत्ती. बाकी केरळ गारेगार, आमीच भाजतो." मी तिला सांगितलं, तिथं सह्याद्रीला मोठी खिंड आहे, तिच्यातून पलीकडचा कोरडा वारा आत येतो. म्हणजे अख्खं केरळ सोडून आपला दत्ता नेमका विट्यासारख्या वाऱ्यात जाऊन बसला. ती खूप हसली.

भावकीत मंगल नावाची सून होती. तिशीची, विधवा, एक मुलगी सातवीत. शिलाई करायची. हात सफाईदार आणि डोळा तयार. तिच्याकडं गेलो तर तिनंच आधी विचारलं, "मी आले तर चालंल का? माजी पोरगी तितं शिकंल न्हवं?"

रोहिणीनं तिचे दोन्ही हात धरले. सासूबाईंनीही हो म्हटलं. मंगलनं ट्रंक काढून पुसायला घेतली. त्या रात्री मी इतकी निवांत झोपले, की डास चावलेलेसुद्धा कळले नाहीत.

सकाळी मंगलचा भाऊ आला. पलीकडच्या गावचा, सेलमला भट्टी असलेला. बहिणीला जत्रेचं लुगडं घेऊन आला होता. ट्रंक दिसली, चौकशी झाली, आणि गडी जो पेटला तो विचारू नका.

"माजी भन दुसऱ्याच्या भट्टीवर? मी काय मेलोय व्हय?" तो अंगणात ओरडला. "इतकी वरसं सुचलं न्हाई, ही माजी चूक. पर आता न्हेनार तर मीच न्हेनार! सेलमला चल, आत्ताच्या आत्ता चल!"

मंगल रडायला लागली. आनंदानं का अवघडून, देव जाणे. सख्खा भाऊ न्यायला आलेला. तिनं रोहिणीकडं पाहिलं. रोहिणी म्हणाली, "जा बाई. भाऊ न्हेतोय तर जा. पोरीला शाळंत घाल म्हंजी झालं."

जिथं भाऊ तिथं बहीण. मी जो नियम इतक्या थाटात सांगते, त्यानंच आमचं माणूस पळवलं. राग तरी कुणावर काढायचा? आणि तोवर देवळात हलगी वाजायला लागली होती.

जत्रा

जानाईचं देऊळ माळाच्या टोकाला. पुढं मांडव. पालखी सजवून मधोमध ठेवलेली, नव्या शेल्यानं झाकलेली देवी आत. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष. मधे तात्या, गावातले सगळ्यात वडील. त्रिचूरला पहिली भट्टी पेटवणाऱ्या माणसाचे हे चिरंजीव. डोक्याला पटका, पायांत केरळी चपला.

तात्या नकाशाच्या क्रमानं पुकारत नाहीत. गावची माणसं ज्या क्रमानं गेली त्या क्रमानं पुकारतात.

"त्रिचूर!"

एक मध्यमवयीन गडी आणि एक कोवळा पोरगा उठले.

"कुनी न्हेलं?"

"मामानं न्हेलं," पोरगा म्हणाला.

"त्रिचूर भरलं!" तात्या ओरडले. हलगी कडाडली. दोघांनी खांदा दिला.

कालिकत भरलं. मलप्पुरम भरलं. कन्नूर पुकारताच बाजीराव आणि त्याचा मोठा मुलगा उठले, खांदा देऊन मोकळे झाले. एकेक जिल्हा उठत होता, एकेक नातं सांगत होता. चुलत्यानं न्हेलं. दाजीनं न्हेलं. शेजारच्यानं न्हेलं, सख्ख्यापरीस जास्ती केलं. असं म्हणताना एकाचा आवाज फुटला. सरकार जनगणना करतं, ती माणसं मोजते. कोण कुणाच्या हाताला धरून तिथं गेलं, हे आमच्या मांडवातच कळतं.

"पालघाट!"

रोहिणी उठली. बायांच्या बाजूनं चालत मधे आली. एकटी.

"मी दत्तात्रयाची लेक," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "भट्टी मी चालवतीय. मानूस हुडकाय विट्याला गेले, मान तालुक्यात गेले, हितं बी दारं वाजवली. कुनी गावलं न्हाई. खोटं कशापायी बोलू?"

बाजीराव पुढं आला. चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता, हेही सांगते. "पोरी, तुज्यावर माजा राग न्हाई," तो म्हणाला. "पर उद्या तुजं लगीन हुईल, तू परक्या घरची हुशील. गावानं मेहनतीनं मिळवलेली जागा गावातनं जाईल. नेम काय उगाच केलाय व्हय? तात्या, पालघाट मोकळं म्हना."

तात्यांनी रोहिणीकडं पाहिलं. त्यांनाही जड जात होतं. "पोरी, शेवटचं इचारतो," ते म्हणाले. "तू कुनाला न्हेतीस?"

आता मी जे केलं ते विचार करून केलं असं म्हणाले तर खोटं होईल. मी फक्त त्या पोरीची पाठ पाहत होते. ताठ होती. दत्ताही लहानपणी मार खाताना असाच ताठ उभा राहायचा. आणि मला एकदम कळलं, की मी सगळ्या जगाचे जिल्हे शिकवले, पण जन्मून सांगली जिल्ह्यात, नांदून सातारा जिल्ह्यात, तिसऱ्या जिल्ह्यात मी कधी बिऱ्हाडच केलं नाही.

"मला न्हेतीय!" मी उठून म्हणाले.

लोणंदला तीस वर्षं शुद्ध मराठी बोललेली बाई मी, आणि तोंडातून आलं ते ‘न्हेतीय’.

सगळा मांडव माझ्याकडं वळला. बाजीरावाचं तोंड उघडंच राहिलं. "आक्का, तू? ह्या वयात? तू भट्टीवर काय करनार?"

"तराजू धरीन. पावती लिहीन. दारात बसून कोण आलं-गेलं बघीन. पस्तीस पोरांचा वर्ग सांभाळलाय मी, बाजी. तुझ्या कन्नूरच्या दुकानात एवढं लक्ष कोण ठेवतं?"

बाया हसल्या. बाजीराव वैतागला. "पर आक्का गावची कुठं हाय? दिली न्हवं लोणंदला!"

तेव्हा बायांच्या बाजूनं बाजीरावाची बायकोच बोलली. "आवं, सकाळी आपल्या घरात मी त्यांची वटी भरली. गावची लेक म्हनूनच भरली न्हवं? सकाळी गावची आन् दुपारी परकी, असं कसं वं?"

आता तर हशाच पिकला. कुणीतरी म्हातारा मागून कुरकुरला, "पर बाया पालखीला खांदा देनार?"

तात्यांनी शेला जरासा बाजूला करून पालखीत पाहिलं. मग मागं वळून म्हणाले, "आत कोन बसलंय? बाईच हाय की. तिला चालत आसंल तर तुजं काय जातंय?"

मग ते माझ्यासमोर आले. लहानपणी ह्याच तात्यांनी मला चिंचा पाडून दिल्या होत्या, आता त्यांची मान हलत होती. पण आवाज तोच.

"सुमे, नीट सांग. कुनी न्हेलं?"

"माझ्या भाचीनं न्हेलं," मी म्हणाले. सगळ्या माळाला ऐकू जाईल असं म्हणाले.

"पालघाट भरलं!"

हलगीवाल्यानं जी थाप दिली तशी मी आजवर ऐकली नाही. रोहिणी पुढच्या दांडीला, मी मागच्या. पालखी जड असते हो. खांदा दुसऱ्या दिवशी हळदीचा लेप लावूनही ठणकत होता. पण त्या वेळी काही कळलं नाही. बाजीरावाचा धाकटा माझ्या शेजारी येऊन दांडीखाली हात घालून चालला. "आत्ती, मला इडुक्कीच बगावं लागनार आता," तो हळूच म्हणाला. मी म्हटलं, "बघ की. वेलदोड्याच्या बागा आहेत, बायका दागिने घालतच असतील."

संध्याकाळी देवळामागच्या कट्ट्यावर बसून लोणंदला फोन लावला. ह्यांनी उचलला. आमटी खारट झाली होती. मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मला वाटलं, आता चिडणार.

मग त्यांनी विचारलं, "पालघाट मोठं जंक्शन आहे. तिथं सकाळी फलाटावर चहा बरा मिळत असेल नाही?"

"मिळत असेल. का?"

"नाही, म्हणजे... मीही आलो तर?"

"या की," मी म्हणाले. "पण पुढच्या जत्रेला मांडवात उभं राहून सगळ्या गावासमोर सांगावं लागेल, कुणी नेलं ते."

रेल्वेत उभा जन्म काढलेला माणूस, सगळ्या गावाला इकडून तिकडं पोचवणारा.

"सांगीन," म्हणाले. "बायकोनं नेलं, सांगीन."